मास्तरांच्या मापाची गाडी

गाड्यांच्या शोरूममध्ये शिवणकामाची टेप घेऊन गेलेली मी पहिलीच बाई असणार. टाय लावलेला सेल्समन आधी हसला. मग मी दरवाजा सताड उघडून गुडघ्यांवर बसले आणि जमिनीपासून सीटपर्यंत, सीटपासून दरवाजाच्या वरच्या कडेपर्यंत, सीटच्या पाठीपासून डॅशबोर्डपर्यंत टेप लावत सुटले, तेव्हा त्याचं हसू मावळलं.

"मॅडम, ही सगळी मापं आमच्या वेबसाइटवर आहेत."

"तुमची वेबसाइट माझ्या नवऱ्याला ओळखत नाही," मी म्हटलं.

मी कपडे शिवते. घराच्या पुढच्या खोलीत माझी मशीन आहे, उभा आरसा आहे, आणि माझ्या मापाला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. नवरा ड्रायव्हिंग शिकवायचा. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. शिकणारा थरथरत स्टिअरिंगवर आणि मास्तर शेजारच्या सीटवर, पायाखाली जादाचा ब्रेक, तोंडात चॉकलेटची गोळी, असा त्यांचा जन्म गेला. मलाही त्यांनीच शिकवलं. लग्न टिकलं हे विशेष.

मग त्यांचा कणा आखडायला लागला. आधी कंबर वाकेनाशी झाली, मग मान वळेनाशी. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते जपा, म्हणाले. हळूहळू मास्तरांना एक तर पडून राहता यायचं, नाही तर वॉकर धरून ताठ उभं राहता यायचं. बसायचं झालं तर उंच खुर्चीच्या कडेला, टेकल्यासारखं. घराबाहेर पडणं म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स, आणि अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे हॉस्पिटल. वाटेत दिसायचं काय, तर तिचं पांढरं छत.

एकदा मी कुणाच्या तरी पँटची पट्टी दुमडत होते, तेव्हा आतून आवाज आला. "ऐक ना. मला एकदा अ‍ॅम्ब्युलन्स सोडून दुसऱ्या कशात तरी बसून बाहेर जायचंय. तू चालव. मी शेजारी बसतो."

काही मागतील तर ते मास्तर कसले! चहात साखर नसली तरी मुकाट पिणारा माणूस. त्यामुळे ही मागणी माझ्या जिवाला लागली. ती पुरी करायचीच, असं मी मनाशी घेतलं.

आमच्या जुन्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. मोठ्या गाड्यांवर चढायला शिडी हवी, शिवाय आमच्या गल्लीत त्या शिरतात तेव्हा भिंतींना घाम फुटतो. ही विजेवरची गाडी मात्र बाहेरून चिमुकली आणि आतून ऐसपैस. पुढे इंजिन नाही, म्हणून पायांना जागा. बॅटरी तळाला, म्हणून मधे उंचवटा नाही, खालची फरशी सपाट. सीट खुर्चीसारखी उंच. दरवाजा असा उघडतो की कपाट आत सरकवावं. सेल्समनने एक बटण दाबलं, तर सीटला भोकं होती त्यांतून गार वारा यायला लागला. मास्तरांच्या पाठीची एवढी सेवा तर मीही कधी केली नव्हती.

"गचका अजिबात बसत नाही, मॅडम. गियरच नाहीत ना."

मी डोळे मिटून त्या शेजारच्या सीटवर बसले. इथे ते बसतील, इथे त्यांचे गुडघे येतील, या काचेतून त्यांना रस्ता दिसेल. मला सगळं दिसलं. इतक्या खुशीत मी बऱ्याच काळात आले नव्हते.

घरी येऊन टेप गळ्यात अडकवली आणि मास्तरांना उंच खुर्चीच्या कडेला बसवलं.

"गियर नाही, क्लच नाही," ते म्हणाले, "मग शेजारी बसून मी शिकवायचं काय?"

"काही शिकवू नका. नुसतं बसा. मान झुकवा बघू, झुकेल तेवढी."

झुकली. मला वाटलं होतं त्याहून जास्तच झुकली. मी बैठकीपासून डोक्यापर्यंत माप घेतलं, दरवाजाच्या मापाशी ताडून पाहिलं आणि टाळी वाजवली. डोकं आत जाऊन वर दोन बोटं उरत होती. दुसऱ्या दिवशी मास्तर अंथरुणातून उठले नाहीत. नव्या गोळ्यांमुळे गळल्यासारखं वाटतंय, म्हणाले. मी तोवर गाडी बुक करूनही आले होते.

गाडी दारात आली त्या दिवशी मदतीला दीर आले. मास्तरांनी दाढी केली, मी शिवलेला निळा शर्ट घातला. मी घरातूनच मोबाइलवरून गाडीचा एसी लावला. शेजारची सीट पार मागे सरकवून, वारा सुरू करून ठेवला. वॉकर टेकत मास्तर दरवाजापर्यंत आले, पाठमोरे झाले आणि सीटच्या कडेला टेकले. उंची अगदी नेमकी होती. मी दिरांकडे ऐटीत बघितलं.

"आता डोकं आत घ्या."

डोकं दरवाजाच्या कडेवर आपटलं.

"थोडं वाक, दादा. अजून थोडं."

परत आपटलं. दिरांनी पाठीला हात दिला, मी त्यांचं कपाळ आपटू नये म्हणून हात आडवा धरला. मान हलत नव्हती. सीटची पाठ पूर्ण खाली पाडून बघितली, तर डोकं गेलं, पण कंबर दुमडत नव्हती आणि पाय बाहेर काठीसारखे ताठ राहिले. गाडी आपली गोड आवाजात टिंग टिंग करून दरवाजा उघडा असल्याचं सांगत होती. समोरच्या खिडक्यांत माणसं जमली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी त्या दरवाजाला तोंडाला येईल ते बोलले.

दिरांनी मागचा दरवाजा वर केला आणि मागची सीट पाडली. सेल्समन खरंच बोलला होता, सगळं सपाट झालं. "वहिनी, इथून आडवं सरकवू या का दादाला? डोकं पुढे येईल."

मास्तरांनी वॉकर धरून आत डोकावल्यासारखं केलं. "हीपण अ‍ॅम्ब्युलन्सच झाली की रे," ते म्हणाले.

दिरांनी सीट पुन्हा उभी केली. मग हळूच मला विचारलं, "माप चुकलं का, वहिनी?"

"माझं माप चुकत नाही!" मी आत पळाले, टेप आणली आणि भर गल्लीत मास्तरांना वाकायला सांगून बैठकीपासून डोक्यापर्यंत लावली. माप खूपच जास्त आलं. "अहो, एवढ्यात एवढं आखडलं?"

"आता नाही आखडलं. तू माप घेतलंस तेव्हाही एवढंच होतं," मास्तर म्हणाले. "तेव्हा मी दात आवळून वाकलो होतो. वाटलं, त्या दिवशी वाकता आलं तर पुढेही जमेल. नाही जमलं."

माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक टेप लागली की पोट आत घेतं. मी आधी त्यांना बोलण्यात गुंतवते, श्वास सोडायला लावते आणि मगच आकडा बघते. हे मी मशीनवर बसल्यापासून करत आलेय. फक्त घरच्या माणसाच्या बाबतीत मला ते सुचलं नाही.

"कशाला पण? कशाला वाकलात?"

"तू गुणगुणत आली होतीस, टेप गळ्यात घालून," ते म्हणाले. "तुला नाही कसं म्हणायचं?"

मला त्यांचा भयंकर राग आला. रस्त्यातच मी त्यांना खूप बोलले. आडमुठे आहात, म्हटलं, लबाड आहात. ते ताठ उभे राहून ऐकत होते, कारण त्यांना खाली मानही घालता येत नव्हती. दिरांनीच मला दंडाला धरून गप्प केलं. मग आम्ही मास्तरांना घरात नेऊन आडवं केलं.

"एक चक्कर मारून ये," थोड्या वेळाने ते म्हणाले. "नवी गाडी नुसती उभी ठेवू नये."

मी गेले, कारण घरात त्यांच्यासमोर थांबवत नव्हतं. गाडी लोण्यासारखी चालत होती. खड्डे होते, पण अंगापर्यंत येत नव्हते. शेजारची सीट अजून गार वारा सोडत होती आणि तो बंद कसा करायचा ते मला समजत नव्हतं. सरळ सांगते, मी रडले. मला ती गाडी फार आवडली, याचंही मला रडू आलं.

परत आले तेव्हा मास्तर जागे होते.

"कशी आहे?"

"चांगली आहे."

"नीट सांग. गुडघे कुठे लागत नाहीत ना? ब्रेक पायाखाली बरोबर येतो? आरशात मागचं सगळं दिसतं?"

मी सगळं सांगितलं. शिकाऊ मुलीसारखी पलंगाशी उभी राहून सांगितलं. ते छताकडे बघत हुंकार देत होते.

"शेजारची सीट कुठे आहे?"

"पार मागे. सकाळी तुमच्यासाठी सरकवली होती ना."

"ती पुढे घे. मागे बसणाऱ्याला पायांना जागा होईल."

"मागे बसणारं आहे कोण आपल्या घरात?"

मी थांबले. मला वाटलं, काही तरी चेष्टा करतील.

"पुढे घे," ते म्हणाले.

मी बाहेर गेले. दरवाजा उघडला, बाहेरूनच हात घालून बटण दाबलं. सीट निमूटपणे पुढे सरकायला लागली. मला वाटलं, आता थांबेल, मग थांबेल, पण ती डॅशबोर्डला टेकेपर्यंत गेली. तिथे आता कुणालाच बसता आलं नसतं. मी बटण सोडलं.