जागा धरणारी खुर्ची

टक्!

घर अजून साखरझोपेत होतं. त्या चिडीचूप शांततेत आजीने मला कपाटामागून ओढून काढलं, माझे पाय फाकवले आणि माझी कडी बसली, तिचा हा आवाज. आतल्या खोलीत कुणीतरी कूस बदलली. आजीने जीभ चावली आणि मला थोपटलं, जणू मीच रडून उठणार होते.

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. मला हात आहेत, पाय आहेत, पाठ आहे. कान मात्र नाहीत असं लोक धरून चालतात, आणि म्हणून माझ्यासमोर वाटेल ते बोलतात.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. एकाने नळ्या वाकवल्या, दुसऱ्याने भोकं पाडली, आणि खिडकीपाशी बसणाऱ्या एका बाईने हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड मला शिवलं. बसणाऱ्याचा सगळा भार जिथे येतो तिथे तिने दुहेरी शिलाई मारली. ती शिलाई अजून उसवलेली नाही.

मला आणलं आजोबांनी. आजीचे गुडघे कुरकुरायला लागले होते. तळ्याकाठच्या बागेत झाडं फुलली की दोघं फिरायला जात, पण आजीला गवतावर बसवेना.

"घे, तुझ्यासाठी सिंहासन आणलंय," आजोबा म्हणाले.

"सिंहासन म्हणे! मिटलं की छत्रीएवढं होतं."

"मग राणी तरी कुठे मोठी आहे?"

ते माझे सुखाचे दिवस. आजोबा गवतावर, आजी माझ्यावर, आणि डोक्यावर गुलाबी फुलांचं झाड, पान एकही नाही, नुसती फुलं. दुपार कलली की तळ्यावरून वाऱ्याची एक झुळूक यायची आणि सगळं झाड एकदम सुटायचं. पाकळ्यांच्या त्या सरीत आजी हात पसरून बसायची. आजोबा गेल्यावर तिच्या मनात एकच इच्छा राहिली होती, ती सर नातीला मांडीवर घेऊन बघायची. नात म्हणजे भिंगरी. घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरायचीच नाही.

पण बागेत गर्दी वाढत चालली. चांगलं झाड हवं तर पहाटे गाठावं लागे. मग एका वर्षी लेकाने तोडगा काढला.

"आई, तू उठतेसच लवकर. तुला आधी सोडून येतो. तू जागा धर, आम्ही आरामात येतो."

आजीला काय आनंद झाला! घरात आपलं काही काम उरलं नाही असं तिला वाटायचं, आणि हे तर फक्त तिलाच जमणारं. सूनबाई मैत्रिणींना कौतुकाने सांगायची, "आमच्या सासूबाई म्हणजे हुकमी एक्का. त्या बसल्या की कुणाची बिशाद आहे जागा घ्यायची!" आजी ते ऐकून माझ्यावर जरा ताठ बसायची. खरं सांगू? मीसुद्धा.

ज्या पहाटे आजीने ती कडी वाजवली, त्या दिवशीची हवा अशी सुंदर होती की दृष्ट लागावी. लेकाने आम्हाला झाडाखाली मांडलं. सतरंजी अंथरली, वाऱ्याने उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर पिशवी, एकावर दगड आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांवर आजीच्या चपला ठेवल्या. हाताशी पाण्याची बाटली दिली.

"आलोच आम्ही नाश्त्याला," म्हणाला आणि गेला.

नाश्त्याची वेळ टळली. माणसं येत राहिली. "आजी, इथे कुणी आहे का?" असं जो तो विचारी.

"आहेत, आहेत. माझी माणसं येतायत."

आधी ती हे हसून सांगत होती, मग नुसतं सांगत होती, मग मान खाली घालून. शेजारच्या चटईवर दाटीवाटीने बसलेल्या बाई मोठ्याने म्हणाल्या, "बघा, एका म्हातारीने अख्खं झाड अडवलंय!"

ऊन चढल्यावर भिंगरीचा पिवळा फ्रॉक दिसला. पण तो हिरवळीच्या पार पलीकडे, होड्यांच्या बाजूला. लेकाच्या ऑफिसातले एक मित्र सहकुटुंब तिथे बसले होते, आणि आमची मंडळी त्यांच्यातच बसली. काय ठरलं ते मला पुढे घरी त्यांच्या बोलण्यातून कळलं. लेक म्हणाला होता, "आईला घेऊन येतो." सूनबाई म्हणाली होती, "राहू द्या हो. इथलं ऊन वाढलं की आपण तिकडे जाऊ. दोन्ही जागा राहतील. बघा तरी, कशा महाराणीसारख्या बसल्यायत!"

भिंगरी आमच्याकडे धावत सुटली होती. अर्ध्या वाटेवरून तिला हाक मारून परत नेलं.

आजीने हात वर केला. तिला लघवीला जायचं होतं. सोय होती फाटकापाशी. आधाराशिवाय तिला माझ्यातून उठता येत नव्हतं, आणि उठली तर झाड जाणार होतं. पलीकडून सूनबाईने पाहिलं, तोंडभर हसली आणि दोन्ही हात जोरजोरात हलवले.

आजीने शेजारणीला विचारलं, "बाई, जरा हात देता का? आणि जागेकडे लक्ष..."

"वा! सकाळपासून कुणाला टेकू दिलं नाहीत, आणि आता आम्ही राखण करायची होय?"

चटईवरचे सगळे हसले. आजीसुद्धा हसली. तिची बोटं माझ्या दांड्यांवर इतकी आवळलेली होती, की मला तिच्या नखांची धार कळत होती.

तिने पुन्हा हात वर केला. या वेळी तो खाली घेतलाच नाही. सूनबाईने पुन्हा हात हलवला, आणि मित्राच्या बायकोकडे वळून काहीतरी सांगून खळखळून हसली.

तेवढ्यात तळ्यावरून झुळूक आली.

झाड सुटलं. सगळ्या बागेतून "अहाहा!" उठलं. पोरं ओंजळी पसरून धावली, मोबाइल वर झाले. आजीच्या केसांत, खांद्यांवर, मोकळ्या मांडीवर पाकळ्याच पाकळ्या. आणि त्याच क्षणी माझं कापड उबदार ओलं झालं. दुहेरी शिलाईपर्यंत.

आजी हलली नाही. सगळे वर बघत होते, एवढंच काय ते तिचं नशीब. तिने बाटलीचं झाकण काढलं आणि उरलेलं पाणी सावकाश आपल्या मांडीवर ओतलं.

संध्याकाळी सगळे आवरून आले. सूनबाई म्हणाली, "अय्या, पाणी सांडलंत? जरा सांभाळून ना आई, आता गाडीची सीट भिजणार!"

"हात थरथरला गं," आजी म्हणाली. मग लेकाकडे बघून, "जागा मात्र कुणाला घेऊ दिली नाही बरं का."

"वा! तू आहेस म्हणून आई," लेक म्हणाला आणि त्याने मला टक् करून मिटलं. ओलीच.

घरी मला पुन्हा कपाटामागे सारलं. आजी त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून पडून असते. चल म्हटलं की म्हणते, "मला फुलं पुरे झाली." भिंगरी मांडीवर बसायला आली तर पदर सारखा करून तिला दूर सरकवते.

मित्रांनो, मी साधी खुर्ची. मला वाटेल तिथे मांडा, नको तेव्हा मिटा. फक्त ओली मिटू नका, एवढीच माझी विनवणी. पण माणसाला खुर्चीसारखं मांडून जाऊ नका. त्याची कडी बसल्याचा आवाज कुणाला येत नाही.

आज सकाळी सूनबाईने मला बाहेर काढलं. रविवारी पुन्हा बागेत जायचं चाललंय. न्हाणीघरात मला उघडून तिने बादलीभर पाणी ओतलं आणि ब्रश घेऊन खाली वाकली. वाकली आणि थबकली. नाक माझ्या कापडाजवळ नेलं. मग ती ओल्या फरशीवर तशीच बसून राहिली.

दारात भिंगरी उभी होती.

"आई, त्या दिवशी आजी लांबून हात करत होती ना, आणि तू पण केलास... ती काय म्हणत होती गं?"