सलीमच्या आईचं नाव

नवस या प्रकाराची मला लहानपणापासून चीड आहे. नागपूरच्या आमच्या घरात बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या होत्या. शेजारणीने पूजेचा प्रसाद आणला, तर बाबा तो गोड हसून परत पाठवायचे. त्यामुळे इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, सिपोरा काकू मला म्हणाल्या, "जागृती, माझा नवस अडकलाय गं," तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, ही म्हातारी आता मला कामाला लावणार.

आमची तीन घरं एका ओळीत आहेत. मधलं माझं. उजवीकडे सिपोरा काकू रोहेकर, अलिबागकडच्या बेने इस्राएल. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू. डावीकडे हनान, मूळची गाझाची, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. तिला मूलबाळ नाही. काकूंचं वालाचं बिरडं हनानच्या टेबलावर आणि हनानचे ऑलिव्ह काकूंच्या फ्रिजमध्ये, असं कित्येक वर्षं चाललं होतं. मग गाझात युद्ध सुरू झालं आणि आठवड्याभरात दोन खिडक्यांत दोन झेंडे लागले. दोघी मला विचारायच्या, तू कुणाच्या बाजूची? मी म्हणायचे, मधल्या घराची. ते उत्तर दोघींनाही आवडायचं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

काकूंचा नातू योआव इस्राएलमध्ये वाढला आणि तिथल्या सैन्यात गेला. हनानचा भाचा सलीम गाझात, खान युनिसला. काकूंनी नवस बोलला होता: पोर जिवंत परत आलं तर मलिदा करीन. मलिदा म्हणजे गूळ-खोबऱ्यात कालवलेले पोहे, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नाबीच्या नावाने प्रार्थना. हा संदेष्टा अग्नीच्या रथातून स्वर्गात गेला, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे वाटेत अलिबागजवळ उतरला होता. खडकावर खूण आहे म्हणे.

"जेरुसलेम सोडून अलिबागला कशाला?" मी एकदा खवचटपणे विचारलं होतं.

"आम्ही तिथे होतो ना, म्हणून," काकू शांतपणे म्हणाल्या.

दोन वर्षांनी ऑक्टोबरात युद्ध थांबल्याची बातमी आली आणि थोड्या दिवसांत योआव आजीकडे ट्रॉयला आला. वाळलेला, कमी बोलणारा पोरगा. मी काकूंना ड्राइव्ह करून फळं, नारळ, पोहे आणून दिले. पण काकू रिकाम्या ताटासमोर नुसत्या बसून राहिल्या.

"नवसात दोघं आहेत," त्या म्हणाल्या. "युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात हनान फोन हातात धरून गाडीतच बसलेली दिसली. बर्फ पडत होता, ती बाहेर येईना. त्या दिवशी योआवसाठी मागता मागता तोंडून सलीमचंही नाव निघालं. व्हिडिओ कॉलवर मला हात हलवायचा गं तो. आता तो आहे की नाही, ते कळल्याशिवाय मलिदा कसा करू? अर्धा नवस फेडता येत नाही."

"मग मेसेज करा ना तिला."

"हे काय मेसेजवर विचारायचं?"

म्हणून आम्ही दोघी गेलो. हनान नुकतीच ड्यूटीवरून आली होती. दार उघडून ती उंबऱ्यातच उभी राहिली. काकूंनी एकच शब्द विचारला, "सलीम?"

"तुमच्या नातवाला विचारा, आंटी. तो तिथेच होता ना?"

मला वाटलं, आता काकू मागे फिरतील. त्या फिरल्या नाहीत. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी सगळा नवस सांगितला. हनान ऐकत राहिली.

"कुणाकडे मागितलंत?"

"एलियाहूकडे."

हनान म्हणाली, "माझी आजी अल-खदरकडे मागायची. त्याच्यासाठी भाकरी घेऊन जायची. म्हणायची, खदर आणि इलियास, म्हणजे तुमचा एलियाहू, एकच." मग तिने विचारलं, "कोणत्या शब्दांत मागितलंत?"

काकू घुटमळल्या. "आमच्यात ज्याच्यासाठी मागायचं, त्याच्या आईचं नाव घ्यावं लागतं. मला ते माहीत नव्हतं, आणि तुझ्याशी तर बोलणंच नव्हतं. म्हणून मी म्हटलं, सलीम, हनानचा मुलगा."

हनानने दाराची चौकट धरली.

"सलीम जिवंत आहे," ती म्हणाली. "त्याची आई, माझी बहीण अमल, त्याच हिवाळ्यात गेली. बाप आधीच गेला होता. त्याला इकडे आणायची धडपड मी करतेय. आता त्याला आई म्हणून मीच आहे."

योगायोग हा शब्द मला चांगला ठाऊक आहे, तो वापरून मी अनेकांची तोंडं बंद केली आहेत. त्या दारात तो मला उच्चारता येईना. जे घडलं ते आमच्या तिघींपेक्षा फार मोठं होतं, आणि मला त्याची भीती वाटली.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "मी त्याच्या आईला वगळलं," त्या मराठीतच पुटपुटल्या, आणि मला ते हनानला इंग्रजीत सांगावं लागलं. "मी नीट नाव घेतलं असतं तर..."

"असा देव मला नको," हनान म्हणाली. "आणि तो तुमचाही नसावा." तिने दार लावून घेतलं.

रविवारी दुपारी काकूंनी मलिदा मांडला. त्यांच्या समाजातली पाच-सहा माणसं जमली होती. ताट योआवच्या हातात होतं. गाणं सुरू होणार एवढ्यात दार वाजलं. मी उघडलं. बाहेर हनान, अंगात कोट तसाच. ती आत आली, पण बसली नाही.

"कुठे होतास?" तिने योआवला विचारलं.

"खान युनिस."

त्याची मान खाली गेली. हनान ताटापासून लांब, माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

काकूंनी प्रार्थना सुरू केली. योआवचं नाव झालं, त्याच्या आईचं झालं. मग "सलीम" म्हणून त्या थांबल्या.

"दोन्ही नावं घ्या," हनान म्हणाली.

"दोन आयांची नावं घेत नाहीत गं," काकू रडत म्हणाल्या. मी ते इंग्रजीत सांगितलं.

"दोन्ही घ्या."

काकूंनी डोळे पुसले. ताटावर हात ठेवून त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "सलीम, अमलचा मुलगा, हनानचा मुलगा." मी आमेन म्हटलं. मग हनानने आपला वाटा घेतला, योआवच्या ताटातून नाही, माझ्या हातून.