मुदखेडच्या कस्तुराबाईंसाठी

दीपमालाने रेकॉर्डिंग थांबवलं आणि कानावरचा हेडफोन खाली घेतला.

"सर, हे शेवटचं ठेवायचं का?"

"ठेव," आनंदराज म्हणाले. "वीस वर्षं पोटात आहे. उद्या एकदाचं बाहेर पडू दे."

उद्या नांदेडच्या रेडिओवर त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम लागणार होता. मुलाखत घेणारी दीपमाला त्यांच्याच हाताखाली तयार झालेली निवेदिका, त्यामुळे तिने काही सोडलं नव्हतं. पहिल्याच दिवशी माइकवर 'आहे'च्या जागी 'हाय' गेलं म्हणून खाल्लेली बोलणी, कायम होण्यासाठी दोनदा दिलेली परीक्षा आणि दोनदा आलेला नकार. महिन्याला रोजंदारीच्या सहा ड्यूट्या, एवढ्यावर बत्तीस वर्षं. पण दिवस वाईट होते असं म्हणायची सोय नव्हती. फर्माईशीच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला हिमायतनगरपासून उदगीरपर्यंतची कार्डं पोत्याने यायची. एसटीत तिकीट मागितलं की कंडक्टर वळून बघायचा आणि म्हणायचा, "आवाज ओळखीचा वाटून राहिला." कायम नोकरीवाल्यांना कुठे एवढं मिळतं?

मग उतरती कळा लागली. घरोघरी टीव्ही, वर केबल. एका आठवड्यात दोनच कार्डं आली आणि साहेब लोकांत कार्यक्रम बंद करायची भाषा सुरू झाली. तेव्हा आनंदराजांनी नावं मनानेच घालायला सुरुवात केली. गावं खरी, माणसं बनवलेली. कार्यक्रम वाचला. आज हे सगळं त्यांनी माइकसमोर सांगून टाकलं होतं आणि त्यांना फार हलकं वाटत होतं.

एवढ्यात फाटकावरच्या लालमहंमदचा फोन आला. "सर, मुदखेडहून एक मावशी आल्यात. तुम्हाला भेटल्याबिगर हलत न्हाईत."

लिंबाखालच्या बाकड्यावर सत्तरीची बाई बसली होती. आनंदराज जवळ जाताच तिने पिशवीतून फडक्यात बांधलेली धपाटी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"उद्या शेवटचं हाय म्हणं तुमचं. म्हणलं, एकदा जाऊन यावं. मी मुदखेडची कस्तुराबाई. तुम्ही माझं नाव घेतलं व्हतं रेडिओत."

"हाव का? कधी?"

"झाले की वीस वर्षं. 'मुदखेडच्या कस्तुराबाईंसाठी, लातूरहून त्यांच्या लेकीकडून.'"

आनंदराज बाकड्यावर टेकले. हे नाव ते विसरले नव्हते. बनवलेलं ते पहिलंच नाव. घरी दूध घालणारीचं नाव घेतलं होतं आणि गाव मुदखेड लावून दिलं होतं.

"लेकीनं मनानं लगीन केलं व्हतं," कस्तुराबाई सांगू लागल्या. "चार वर्षं तोंड बघितलं न्हवतं म्या तिचं. तुम्ही नाव घेतलं आन् दुसऱ्या दिवशी लातूरची गाडी धरली. सातवा म्हैना लागलेला तिला, आन् घरात करायला कुणी न्हाई. बाळंतपण माझ्या हातानं झालं बघा."

उद्या हीच बाई रेडिओ लावून बसणार आणि लेकीचं म्हणून जपलेलं ते कार्ड कधी नव्हतंच हे हजार लोकांबरोबर ऐकणार. त्यापेक्षा आत्ता, तोंडावर सांगितलेलं बरं.

"मावशी, राग धरू नका. ते कार्ड..."

"आलं न्हवतं. ठाव हाय मला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"'आईच्या आवडीची लावणी' म्हणून लावलं तुम्ही. मला लावणीचा लई राग. घरात लागली तर मी रेडिओ बंद करायची. माझी लेक असं लिहील व्हय?"

"मग तुम्ही गेलात कशाला?"

"आता घ्या," कस्तुराबाई म्हणाल्या. "एवढं भांडल्यावर जायला काई तरी निमित्त पाहिजे का न्हाई? तिला म्हणलं, तू नाव घातलंस म्हणून आले. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणली, हाव आई, म्याच लिहिलं. आजबी तसंच म्हणती. आन् मीबी हाव म्हणते."

त्या उठल्या. मुदखेडची गाडी धरायची होती.

"उद्या लेक मोबाइलवर लावणार हाय तुमचं. पोरांना सांगून ठिवलंय तिनं, ह्या साहेबांनी आजीला घरी आणलं म्हणून."

आनंदराजांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मग धपाटी घेऊन ते स्टुडिओत परत आले.

"दीपमाला, ते नावांचं काढून टाक."

"सर, अख्ख्या मुलाखतीत तेच तर सगळ्यात खरं बोललात."

"खरं हाय. पण ते माझ्या एकट्याचं न्हाई."

दीपमालाने तेवढा भाग पुसून टाकला.

"मग त्या जागी काय घेऊ?"

आनंदराज माइकसमोर बसले.

"श्रोतेहो," ते म्हणाले, "तुम्ही मला लई सांभाळून घेतलं."

मग ते रुमालासाठी खिसे चाचपू लागले.