एका भावंडाचं येणं

अबोलीने दाराशी बूट चढवता चढवता नवऱ्याच्या कानात पुन्हा बजावलं, "आईला एवढ्यात डोळ्यांचं काही बोलू नकोस हं, विलास. होळी होऊन जाऊ दे." मग ती तिच्या फार्मसीतल्या रविवारच्या शिफ्टला गेली. परदेशातल्या एटोबिको उपनगरात, त्या अकराव्या मजल्यावर, जावई आणि सासूबाई उरल्या. बाहेर बर्फ पडत होतं, कापूस पिंजल्यासारखं, कुणाला न उठवता.

विलासने त्याचा लाडका सिनेमा लावला. विलायतेतला, सत्तर वर्षांपूर्वीचा, काळापांढरा. खुनाचा. त्याला ना बक्षीस मिळालं, ना नाव. यूट्यूबवर आजवर तीनशे बारा वेळा पाहिला गेलेला, त्यातल्या वीसेक वेळा विलासनेच. सुनेत्राबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि पडदा आताशा नुसता धुरकट व्हायचा, म्हणून तो शेजारी बसून सगळं मराठीत सांगायचा.

"म्हातारा जिन्याखाली पडलाय, आई. मेलाय."

सुनेत्राबाईंनी आपल्या गावच्या, फलटणच्या चालीवर तिथल्या तिथे ओवी जुळवली, "खून झाला विलायतेत, गं बाई, सांगे जावई मराठीत!"

मग म्हाताऱ्याच्या खिशातली चिठ्ठी निघाली. "माय कझिन अराइव्ह्ज ऑन थर्सडे." विलास अडला. सगळा सिनेमा त्या एका शब्दावर उभा होता. इन्स्पेक्टर तासभर एका पुरुषामागे धावतो आणि खुनी निघते ती समोर बसून चहा ओतणारी बाई. इंग्रजांचा कझिन बाईही असतो, बुवाही. मराठीत मात्र भाऊ म्हणावं तर खोटं, बहीण म्हणावं तर खेळ खलास.

"चिठ्ठीत लिहिलंय, की... गुरुवारी एका चुलत भावंडाचं येणं होणार आहे."

सुनेत्राबाई खुदकन हसल्या. "बाईच आहे ती. तिनेच मारलंय."

"कशावरून?"

"अहो, एवढ्या मोठ्या माणसाला कुणी भावंड म्हणतं का? भाऊ असता तर चुलतभाऊ येतोय म्हणून मोकळे झाला असतात. काही लपवायचं असलं, विलासराव, की तुमचं मराठी सरकारी होतं."

विलासही हसला. पण त्यांचं हसू ओसरलं होतं.

"परवा तुम्ही दोघं डॉक्टरकडनं आल्यावरही तसंच बोललात. 'पुढे काय ते ठरवण्यात येईल.' कोण ठरवणार? काय?" त्यांनी हात मांडीवर एकावर एक ठेवले. "आता सरळ सांगा बघू. 'आई, तुम्हाला' इथनं सुरू करा."

विलासने सिनेमा थांबवला. अबोलीला शब्द दिला होता. पण डोळे अबोलीचे नव्हते.

"आई, तुम्हाला समोरचं, मधलं, आता परत दिसणार नाही. दोन्ही डोळ्यांनी. डोळ्यांतली इंजेक्शनं थांबवायला सांगितलीत डॉक्टरांनी. कडेचं तेवढं राहील."

सुनेत्राबाईंनी पदराचं टोक चाचपून हातात घेतलं.

"अबोली रडली?"

"गाडीत. पार्किंगमध्येच."

"आणि घरात येऊन माझ्यापुढे गाणी गुणगुणत होती, वेडी." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तिला मीच सांगेन. तुम्ही फुटलात असं नाही सांगणार. मी पकडलं म्हणेन."

"पकडलंतच की."

"कडेचं राहील म्हणालात ना?"

"हो."

सुनेत्राबाईंनी हळूहळू तोंड खिडकीकडे फिरवलं, रुसलेलं माणूस फिरवतं तसं. विलासला वाटलं, आता त्या एकट्याने रडणार. तो उठायला लागला.

"बसा हो, हलू नका," खिडकीकडे तोंड ठेवूनच त्या म्हणाल्या. "तुम्हालाच बघतेय. कानावरचे केस किती पिकलेत तुमचे!"