सत्तावीस सत्तावीस

केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये माणूस अडकला की पहिली दहा मिनिटं त्याला बरं वाटतं. बाहेर फैजपूरच्या रस्त्यावर पंचेचाळीस अंशांचा मे महिना, आत सतरा अंश. चेंबरची यंत्रणा सांभाळणाऱ्या भूपेंद्र पाटलालाही बरंच वाटलं होतं. चेंबर नंबर तीनचं तापमान मोबाइलवर अठ्ठेचाळीस दिसत होतं, म्हणून सेन्सर तपासायला तो आत शिरला. मागे दार आपोआप लागलं. ते आपोआप लागावं ही सोय त्यानेच करून दिली होती. सेन्सर ठणठणीत निघाला. त्याने मोबाइलवरचं दार उघडायचं बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग लिफ्टपुढे उभी राहणारी माणसं दाबतात तसं सात-आठ वेळा दाबलं.

दाराला आतून कडी नव्हती. दोन उन्हाळ्यांपूर्वीपर्यंत होती. पण दुपारी हमाल आत जाऊन खोक्यांवर झोपतात हे गोडाऊनचे मालक प्रकाशचंद शेठजींनी कॅमेऱ्यात पाहिलं आणि निदान केलं, की बाहेर येता येतं म्हणूनच हे लोक आत जातात. कडी निघाली, लोहचुंबकाचं कुलूप बसलं. ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरूनच उघडायचं. कडी ज्या स्क्रू-ड्रायव्हरने निघाली, तो आत्ता भूपेंद्रच्या हातात होता.

दारात तळहाताएवढी काच होती. तिच्यापलीकडे झुलालनानांचा चेहरा आला. नाना पिंपळनेरकडचे, साठीला टेकलेले. गोडाऊनची राखण करायचे आणि बोलणं अजून तिकडचंच, अहिराणी होतं.

"नाना, ऑफिसात जा. कॉम्प्युटरवर काय दिसतंय बघा!" भूपेंद्र काचेला तोंड लावून ओरडला.

नाना गेले, आले. "लाल पाटी शे भाऊ. बठ्ठं इंग्रजीमा शे. फोटो काढी लई उनू."

त्यांनी मोबाइल काचेला लावला. भूपेंद्रने पाटी वाचली. तुमचं सगळं आम्ही कुलूपबंद केलं आहे, चावी हवी असल्यास खालील पत्त्यावर लिहा. भाषा अगदी सभ्य होती. बँकसुद्धा इतकं सभ्य लिहीत नाही.

चोर कुठून शिरला हे त्याला विचार न करता कळलं. कॉम्प्युटरला पासष्ट हजारांवर दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात, आणि प्रत्येकाला नंबर असतो. लांबून मशीन चालवायचं ठरलेलं दार तेहेतीसशे एकोणनव्वद, आणि जगभरचे चोर आधी तेच ढकलून बघतात. शेठजींना घरबसल्या चेंबर चालवायचं होतं. भूपेंद्रने सुचवलं होतं, बाहेर आणखी एक ओळख पटवणारं दार ठेवू. शेठजींनी विचारलं, "म्हणजे मला दोनदा बटण दाबावं लागेल?" मग नंबर तरी बदलू, असं ठरलं. नंबर शेठजींनीच दिला, सत्तावीस सत्तावीस. त्यांच्या घराण्यातल्या प्रत्येक ट्रकवर, गाडीवर आणि मोबाइलच्या शेवटी हाच नंबर. पासवर्डही फर्मचं नाव आणि पुढे सत्तावीस सत्तावीस. रावेरपासून चोपड्यापर्यंत ज्या ज्या माणसाला त्यांच्या ट्रकने ओव्हरटेक केलं होतं, त्याला अर्धा पासवर्ड पाठ होता. आणि चोराला तेवढ्याचीही गरज नव्हती. त्याचं यंत्र पासष्ट हजार दारं एकेक करून ढकलत आणि मग पासवर्ड चाचपत बसतं, त्याला ना ऊन लागतं ना जेवण. हे भूपेंद्रला ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्याने "बरं शेठजी" म्हटलं होतं.

जाड भिंतीतून मोबाइलची रेंज येत नव्हती, पण चेंबरमधलं वाय-फाय चालू होतं. त्याने शेठजींना कॉल लावला. शेठजी धुळ्याला भाचीच्या लग्नात होते. मागे बँड वाजत होता.

"आत अडकलास? जेवण झालं होतं का?"

"शेठजी, कॉम्प्युटर कुणीतरी ताब्यात घेतलाय. दार उघडत नाही. ताजी हवा आणणारा पंखाही त्यावरच आहे, तोही बंद पडलाय."

"कुठली माणसं आहेत ही?"

"काय माहीत. परदेशातली असतील."

"गाव कळलं असतं तर कुणाच्या ओळखीने बोलता आलं असतं," शेठजी मनापासून हळहळले.

भूपेंद्रने मागे पाहिलं. नऊशे खोकी केळी छतापर्यंत रचलेली. केळी श्वास घेतात. पिकायला लागली की जास्तच घेतात आणि खोलीतली चांगली हवा संपवतात. चार तासांत डोकं धरतं, त्यापुढे माणूस गुंगतो आणि मग उठत नाही. हे हमालांना भीती घालायला त्यानेच सांगितलं होतं. आपलं डोकं आत्ताच दुखतंय की सांगितलेलं आठवून दुखतंय, हे त्याला ठरवता येईना.

"एकच उपाय आहे," तो म्हणाला. "लाईट गेली तरी दार धरून ठेवणारी बॅटरी लोखंडी कपाटात आहे. चावी तुमच्याकडे. नानांना कपाट फोडू द्या. मेन पाडून बॅटरीची वायर काढली की चुंबक सुटतो."

"पण त्या बॅटरीवर पाचही चेंबर आहेत ना?"

"आहेत."

"म्हणजे पाचही दारं उघडणार. बाकीच्या चारांत पिकवायचा गॅस सोडलाय. दिल्लीचा माल आहे. अर्धा कच्चा राहिला तर घेईल कोण?" बँड थांबला आणि शेठजींचा आवाज एकदम मऊ झाला. "तू घाबरू नकोस. अर्पित पुण्याच्या इंजिनिअरशी बोलतोय. तासाभराचा प्रश्न आहे."

अर्पित म्हणजे शेठजींचा मुलगा. तो तासाभराने म्हणाला, की इंजिनिअर मीटिंगमध्ये आहे.

दोन तास झाले. भूपेंद्रने तोपर्यंत बायकोला, रत्नाला, दोनदा मेसेज लिहिला आणि दोनदा पुसला. काचेवर वाफ धरत होती. ती पुसून तो ओरडला, "नाना, पहार घ्या आणि कपाट फोडा! मग मेन पाडा आणि आतल्या बॅटरीची वायर ओढा!"

नानांनी पहार आणली. कपाटापुढे उभे राहिले. तेवढ्यात छताजवळच्या कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून शेठजींचा आवाज गोडाऊनभर घुमला. "झुलाल! काय करतोस?" कॅमेऱ्यांचं मशीन वेगळं होतं, पोर्टही वेगळं. चोराने ते सोडून दिलं होतं.

नानांनी पहार भिंतीला टेकवली, पाहुण्यांची काठी ठेवावी तशी अलगद. काचेशी आले. "शेठ देखी ऱ्हायना, भाऊ. मनी नोकरी जाई."

"आणि माझा जीव?"

नानांनी मान खाली घातली.  उत्तर छताजवळ लटकत होतं.

तेव्हा भूपेंद्रला उमगलं, की नाना कपाटाला भीत नाहीत. पहार त्यांच्या हातात होती, रस्ता मोकळा होता. अडत होता तो कॅमेऱ्याचा डोळा. आणि तो डोळा ज्या तारेवर जिवंत होता, त्याच तारेवर भूपेंद्रचा मोबाइलही. ती ओढली की शेठजी गेले, पण इंजिनिअर, रत्ना, सगळं जगही गेलं. उरणार फक्त एक काच आणि पलीकडे नाना. नाना घरी निघून गेले तर ते कुणाला कळणारसुद्धा नाही.

त्याने शेठजींचा येत असलेला कॉल कापला.

"नाना, ऑफिसात टेबलाखाली पांढरा डबा आहे. दोन शिंगं आहेत त्याला. त्याची वायर ओढा."

"एवढंच?"

"एवढंच."

नाना गेले. मोबाइलवरच्या वाय-फायच्या रेघा एकेक करत नाही, एकदम गेल्या. चेंबरमध्ये पहिल्यांदा पूर्ण शांतता झाली आणि केळ्यांचा वास आवाजासारखा अंगावर आला. तो काचेला डोकं लावून थांबला. नाना परत आले. कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका विझला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, हात हलवून पाहिला, दुसरा हात हलवून पाहिला. मग काचेसमोरून निघून गेले.

भूपेंद्रने मोजायला सुरुवात केली. चाळीसपर्यंत पोचला आणि मोजणं सोडलं.

मग धाडकन आवाज झाला. मग दुसरा, तिसरा. नानांच्या अंगात इतका जोर असेल असं त्यांच्या नऊ वर्षांच्या नोकरीत कॅमेऱ्याला कधी दिसलं नव्हतं. मेन पडली, दिवे गेले, आणि अंधारात पाचही दारं एकदम सैल होऊन खडखडली. भूपेंद्रने खांदा लावला तसा तो सरळ नानांच्या अंगावर पडला.

"आते कोनी देखी नई ऱ्हायनं," नाना धापा टाकत म्हणाले आणि प्यायला मडक्यातलं पाणी दिलं.

बाहेर उन्हात रेंज आली तसा मोबाइल वाजला.

"भूपेंद्र, मला इथून काहीच दिसत नाहीये."

"हो शेठजी."

"सुटलास ना? बरं झालं. आता कॅमेऱ्याची वायर जोड. माल बघू दे."

भूपेंद्र ओट्यावर बसला. डोकं अजून ठणकत होतं. नाना उरलेल्या चारही चेंबरची दारं एकेक करून लोटून घेत होते, दर खेपेला छताकडे एकदा बघत.

"जोडणार नाही शेठजी. माल बघायचा असेल तर इथे येऊन बघा. धुळ्याहून तीन तास लागतात."

पलीकडे बँड पुन्हा वाजू लागला. मग शेठजींनी अविश्वासाने विचारलं, "या उन्हात?"