बायजाला वास येत नव्हता

कळंबची बायजा बावीस वर्षांची झाली तरी तिला न्हाण आलं नव्हतं. काढे झाले, झाडपाला झाला. दोन स्थळं आली, पण आई सोनुबाई खोटं बोलली नाही आणि दोन्ही परत गेली. बायजा बालवाडीत पोरांना शिकवायची. कुणी लग्नाचं काढलं की खिडकीबाहेर बघत बसायची.

१९८२ च्या माघात सोनुबाईनं तिला कर्जतच्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तिला तपासलं. मग कॉफीचा डबा उघडून तिच्या नाकाशी धरला.

"डोळे मीट. कसला वास येतोय?"

"कसलाच नाय. मला कदीच येत नाय. लोक म्हणतात येतो, म्हनून मी पन म्हनते."

सोनुबाई लेकीकडे वळली. "दूध करपलं की मी तुला बोलायची. सांगितलं का नाय गं?"

"लाज वाटली."

मुंबईला रक्त तपासून आल्यावर बाईंनी समजावलं, "मेंदूत एक जागा असते. तिथून दर तास-दीड तासानं एका द्रव्याचा अगदी लहानसा थेंब सुटतो. तो मेंदूखालच्या ग्रंथीला जागं करतो, आणि ती ग्रंथी बीजकोशाला. तुझा थेंब सुटतच नाही. वासाची जागा तिथे शेजारीच, तीही घडली नाही. यात तुझी काही चूक नाही."

"मूल?" सोनुबाईनं विचारलं.

"त्याला वेगळी इंजेक्शनं लागतील. होईलच असं सांगत नाही. आता पाळी येण्यासाठी गोळ्या सुरू करू."

परतीच्या एस्टीत बायजाचा डोळा लागला. स्वप्नात तिला काळोखी खोली दिसली, थेंब थेंब गळणारं पाणी थांबलेलं. भीती मात्र वाटली नाही.

श्रावणात, पोरं गाणं म्हणत असताना, पोटात कळ आली. ती बांधावरून सावकाश घरी गेली. सोनुबाईनं काही न विचारता पाणी तापवलं आणि चुलीपुढे तोंड फिरवून डोळे पुसले.

दुपारी बायजा आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली.

"आये, भात शिजताना कसला वास येतो?"

सोनुबाई म्हणाली, "थंडीत गोधडीत शिरल्यावर बरं वाटतं ना, तसा."

"आन चाफ्याचा?"

"तो लांबून हाक मारल्यासारखा. जवळ गेलं की गप."

"आन माजा? ल्हान होते तवा?"

सोनुबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. बाहेर पाऊस लागला होता. ती सांगू लागली तेव्हा बायजा झोपेच्या काठावर होती. अर्धं तिनं ऐकलं, अर्धं तिला स्वप्नात दिसलं.