परत आणून पाहिलंस का?

मी एक जुनी नोंदवही आहे. माझ्या साठाव्या आणि एकसष्टाव्या पानांमध्ये एक पत्र आहे. ते येऊन तीन वर्षे झाली, पण त्याला उत्तर गेले नव्हते. पत्र माझ्या नावाचे नाही आणि उत्तर देणे माझ्या हातातही नव्हते. तरी त्या पत्रातल्या चुकीत माझा थोडा वाटा आहे, असे मला वाटत आले. मित्रांनो, वहीने स्वतःबद्दल बोलावे की नाही, याची मला खात्री नाही. आजवर माझ्यात इतरांनीच लिहिले आहे. काही चुकले तर सांभाळून घ्या.

बांधणाऱ्याने माझ्या पाठीला लाल कापड चिकटवले, तेव्हा त्याच्या हातांना खळीचा वास येत होता. दोनशे पाने, जाड पुठ्ठा आणि पक्की शिवण घेऊन मी एका कचेरीत आले. शहराच्या जमिनीखालून पाण्याचे नळ कुठून कुठे जातात, याचे नकाशे ती कचेरी सांभाळत असे. नकाशे संगणकांत होते आणि ते संगणक मागच्या एका थंडगार खोलीत. तिथे माणसे भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसत.

त्या खोलीचे प्रमुख होते काका. ते कोणाचेच काका नव्हते, पण साहेबसुद्धा त्यांना काकाच म्हणत. त्यांच्या हाताखाली एक नवी मुलगी आली. सगळे तिला ताई म्हणू लागले, फक्त काका ‘पोरी’ म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तिच्यापुढे सरकवले.

“पोरी, एक ध्यानात ठेव. वहीत लिहिलं नाही, ते झालंच नाही.”

“आणि लिहिलं पण झालं नाही, तर?”

“तर तुझी माझी गाठ आहे!”

दिवसभराच्या कामाची एक प्रत रोज वेगळ्या जागी ठेवायची, याला बॅकअप म्हणतात. मूळ नकाशा बिघडला तर ती प्रत उपयोगी पडते. बॅकअप झाला की ताई माझ्यात तशी एक ओळ लिहून बरोबरची खूण करी. तपासनीस आले की मला उलटून पाहत आणि म्हणत, “वही असावी तर अशी!” मी थोडी फुगले होते, हे कबूल करते.

काका आणखी एक गोष्ट करत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी चहा झाला की ते कुठलाही एक जुना नकाशा बॅकअपमधून परत आणून उघडून पाहत. उघडला की “आहे बुवा!” म्हणत. हे मात्र त्यांनी माझ्यात कधीच लिहिले नाही. त्यांना ते लिहिण्यासारखे वाटले नसावे. माझी पाने तर कोरीच होती.

काका निवृत्त होऊन दूरच्या गावी बहिणीकडे राहायला गेले. ताईवर दोघांचे काम पडले. रोजची ओळ आणि रोजची खूण चालू राहिली, पण पहिला सोमवार मात्र विसरला गेला. आणि एक दिवस मुख्य यंत्राची डिस्क निकामी झाली. ताईने बॅकअप उघडला. चार महिन्यांच्या प्रती रिकाम्या होत्या. रोज प्रत होत होती, खूणही होत होती. आत मात्र काहीच नव्हते.

नळ दुरुस्त करणारे कारागीर पुन्हा उन्हातान्हात रस्त्यांवर फिरले आणि त्यांनी ते नकाशे नव्याने काढले. ताईला कोणी फार बोलले नाही. त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

मग काकांचे पत्र आले. ‘पोरी, झालेलं कानावर आलं. चूक तुझी एकटीची नाही. पहिल्या सोमवारची गोष्ट मी डोक्यात ठेवली, वहीत लिहिली नाही. लिहिलं नाही ते झालं नाही, हे तुला शिकवणारा मीच. कशी आहेस, तेवढं कळव.’

ताईने तीनदा उत्तर लिहिले. तिन्ही वेळा माझ्यात ठेवले, दुसऱ्या दिवशी वाचले आणि फाडले.

पुढे कचेरीने आपली यंत्रेच काढून टाकली आणि सगळे नकाशे क्लाउडवर नेले. म्हणजे काय, हे ताईने नंतर घरी सासूबाईंना समजावले. “आई, आपली कपाटं काढली आणि एका मोठ्या गोदामात जागा घेतली. गोदाम त्यांचं. पण आतल्या वस्तू आपल्या, कुलूपकिल्लीही आपणच सांभाळायची.” खोली रिकामी झाली. रद्दीच्या ढिगातून ताईने मला उचलून घरी आणले, पण उघडले नाही. जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. मी त्याखाली गेले. दोन वर्षे मी चार माणसांच्या पायांखेरीज काही पाहिले नाही.

मग कचेरीत फर्मान निघाले. क्लाउडचे काम ज्यांना करायचे, त्यांनी त्याची व्यावसायिक परीक्षा द्यायची. दोनच संधी. नापास झालात तर चौकशीच्या खिडकीत बसायचे. ताई पहिल्या वेळी नापास झाली. दुसऱ्या संधीला सहा आठवडे उरले होते.

एका रविवारी सकाळी तिने टेबल उचलून मला बाहेर ओढले आणि धूळ पुसली.

“वही काढलीस होय?” सासूबाई म्हणाल्या. “आता माझा चहा बशीत उतरतोय बघ.”

“सहा आठवडे बशीतून प्या, आई.”

सराव सुरू झाला. ताईची शाळकरी लेक प्रश्न वाचून दाखवी. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरे, आणि चारही वाचताना बरोबरच वाटत. लेकीला तर ऊतच आला होता.

“मोबाइल खाली ठेव. लक्ष कुठंय तुझं? शेजारच्या काकू बघ, त्या कशा गाडी शिकल्या!”

“माझेच बोल मला ऐकवतेस होय गं?”

“पाठ झालेत ना!”

चुकलेला प्रत्येक प्रश्न ताई माझ्या कोऱ्या पानांवर उतरवी. चौथ्या रविवारी लेकीने त्या पानांवरचे प्रश्न मोजले. मग म्हणाली, “आई, यातले अकरा प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत. बॅकअप परत कसा आणायचा. बाकी सगळं येतं तुला. इथेच का घाई करतेस?”

लेकीने पाने उलटली आणि पत्र बाहेर पडले. तिने ते उभ्याउभ्याच वाचले.

“काकांना उत्तर दिलंस?”

“लिहिलं होतं.”

“लिहिलं म्हणजे? पाठवलंस का?”

ताईने माझ्या जुन्या ओळींवरून बोट फिरवले. एकाखाली एक, बरोबरच्या खुणा. मग तिने लॅपटॉप पुढे ओढला. “चल. वाचून पुरे झालं. करूनच बघू.”

तिने क्लाउडवरच्या सरावाच्या खात्यात एक छोटे यंत्र, म्हणजे तिथला भाड्याचा संगणक, उभे केले. लेक म्हणाली, “खोटी फाइल नको. माझा झाडांचा प्रकल्प घे. गुरुवारी द्यायचाय. मग तू घाई करणार नाहीस.”

ताईने प्रकल्प यंत्रावर ठेवला, बॅकअप घेतला, मग मूळ डिस्क पुसून टाकली. बॅकअपमधून परत आणला. यंत्र उघडले, तर प्रकल्प नाही!

मित्रांनो, त्या क्षणी माझा पुठ्ठा वाकला असता तर नवल नव्हते. ताईचा चेहरा तीन वर्षांपूर्वीसारखा झाला. पण यावेळी ती उठून गेली नाही. एकेक पायरी पुटपुटत मागे गेली. अकराव्या मिनिटाला तिने कपाळावर हात मारला. परत आणलेली डिस्क वेगळी तयार होते. ती आपणहून जागेवर बसत नाही, यंत्राला जोडावी लागते. तिने जोडली. झाडांची पाने पडद्यावर आली.

“आहे बुवा!” ताई ओरडली आणि स्वतःच दचकली.

“मला काही भीती नव्हती,” लेक म्हणाली. “मी काय वेडी आहे? दुसरी प्रत मोबाइलमध्ये ठेवली होती.”

“उघडून पाहिलीस का?”

लेक आत धावली. थोड्या वेळाने आतून पडका आवाज आला, “अर्धीच आहे!” सासूबाई इतक्या हसल्या, की उरलेला चहाही बशीत उतरला.

ताईने माझ्यात ठळक लिहिले: ‘दर महिन्याचा पहिला सोमवार. एक नकाशा परत आणून, उघडून पाहणे.’ किती वर्षे मी त्या ओळीची वाट पाहत होते, काय सांगू!

मग तिने पुढचे पान फाडून काढले. माझे जोडीचे पान शिवणीत सैल झाले, पण मला दुखले नाही. त्या पानावर तिने काकांना उत्तर लिहिले. पत्ता तोच आहे ना, हे विचारायला त्यांच्या बहिणीला फोन केला. “आहे की,” त्या म्हणाल्या, “भाऊ आत्ता चष्मा शोधतोय. डोक्यावरच आहे.” तरीही पाकीट माझ्यातच राहिले. दोन रविवार गेले. ताई म्हणायची, “निकाल लागू दे. काहीतरी चांगलं लिहिता येईल.”

परीक्षेच्या दिवशी मी तिच्या पिशवीत होते. मला आत नेऊ दिले नाही. अडीच तास मी बाहेरच्या कपाटात एका अनोळखी छत्रीशेजारी बसून होते. कपाट उघडले, तेव्हा ताईचे डोळे ओले होते आणि ओठ हसत होते. ती उत्तीर्ण झाली होती. बाहेर लेक उभी होती.

“पाकीट उघड! खाली निकाल लिही!”

“नको,” ताई म्हणाली. “त्यांनी निकाल विचारलाच नव्हता. कशी आहेस, एवढंच विचारलं होतं. निकाल पुढच्या पत्रात.”

मित्रांनो, मी साधी वही, मला फार कळते असे नाही. पण तुम्ही प्रेमाने जपून ठेवलेले जे काही असेल, ते अधूनमधून उघडून पाहा. आणि कोणासाठी काही लिहून ठेवले असेल, तर ते माझ्यासारखीच्या पोटात राहू देऊ नका.

कोपऱ्यावर लाल पेटी होती. ताईने मला उघडले, पाकीट काढले, पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि ते आत सोडले. तळाशी ते पडल्याचा आवाज मी ऐकला.